उशाशी ठेवलेला कटर

"बेन, जबडा दो जगह से टूटा है," डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले. हाडातल्या दोन काळ्या रेघा मलाही दिसल्या.

मॅन्डिबल फ्रॅक्चर. म्हणजे खालच्या जबड्याचं हाड मोडणं. उधन्याच्या कापड कारखान्यात लूमचा, म्हणजे मागाचा, धोटा उडून ह्यांच्या तोंडावर बसला होता. चेहरा एवढा सुजला होता की मी नवरा शर्टावरून ओळखला.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, ऑपरेशन करून हाडाला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवायच्या. मग तोंड लवकर उघडतं. खर्च मी दोनदा विचारला. वाटलं, माझं हिंदी कच्चं असेल. हिंदी पक्कं होतं. शेठने रिक्षाचं भाडं देऊन हात झटकले होते, आणि मी गोडादऱ्याच्या वस्तीत घरी साड्यांना लेस लावणारी बाई. पट्ट्या कुठून आणणार?

दुसरा रस्ता स्वस्तातला. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधायचे. ह्याला आयएमएफ म्हणतात. जबडा हलत नाही, हाड आपलं आपण जुळतं. सहा आठवडे तोंड बंद.

तारा बांधल्यावर डॉक्टरांनी माझ्या हातात एक छोटा कटर दिला. "उल्टी हुई तो पहले आगे झुकाना. साँस अटके तो ये खड़े तार काट देना. सोचना मत."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कटर पटकन सापडावा म्हणून त्याला लाल लेस बांधून उशाशी ठेवला. हे नुसते खोकले तरी माझा हात तिकडे जायचा. भरीत-भाकरी खाणारा माणूस स्ट्रॉने वरणाचं पाणी ओढत होता. घरात बोलायचं काम तसंही माझंच, पण ह्यांचं गप्प राहणं मला खायला उठायचं.

ह्यांना एकच खूण यायची. औषध आणलं, दूध आणलं, की अंगठा बोटावर चोळायचे. किती गेले? मी थाप मारायची, "थोडेच." विश्वास बसायचा नाही.

एका दुपारी औषध पोटात टिकलं नाही. हे उठून बसले, मान ताणली, डोळे मोठे झाले. मी पुढे वाकवलं. दातांच्या फटीतून थोडं बाहेर आलं, बाकी आत अडकलं. छाती नुसती उडत होती, श्वास नव्हता. मी कटर उचलला.

ह्यांनी माझं मनगट धरलं. आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बोटावर चोळला.

तार कापली तर परत दवाखाना, परत खर्च. जीव चाललेला आणि माणूस मला पैसे विचारतोय! मला इतकी भीती जन्मात वाटली नव्हती आणि इतका रागही आला नव्हता.

"सोडा मना हात!" मी ओरडले, हिसका दिला आणि कापलं. एक तार, मग दुसरी, मग सगळ्या. तोंड उघडलं, सगळं बाहेर पडलं, आणि घशातून श्वासाचा आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अच्छा किया, बेन." हाड सरकलं नव्हतं. नशीबच. तारा पुन्हा बांधल्या. त्याचे पैसे मी कानातली फुलं मोडून भरले. ह्यांच्या ते लगेच ध्यानात आलं आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तारा कायमच्या निघाल्या तेव्हा तोंड जेमतेम बोटभर उघडलं. पहिला शब्द काय येतो म्हणून मी कान लावून बसले होते.

"कितला लागनात?" पहिला प्रश्नही पैशांचाच.

"तुम्ही शेतस ना समोर," मी म्हटलं. समोर आहात, तेवढं पुरे. "चहा ल्या आते." आणि मग दोघंही रडलो.

दवाखान्याचं देणं अजून फिटलेलं नाही. डॉक्टरांचे उपकार तर फिटायचेच नाहीत. तुमच्या घरी ही वेळ आली तर कटर उशाशी ठेवा, कोणत्या तारा कापायच्या ते आधीच नीट बघून घ्या. आणि तुमचा माणूस खर्चाच्या धाकाने हात धरील. सोडवून घ्या.