चावा एकाचा, पट्टी सगळ्यांची

अकोल्यात जनावरांचा दवाखाना चालवता चालवता माझे केस पिकले. केसपेपरवर मी वजन, आजार, औषध एवढंच लिहितो. लोक जे बोलून जातात त्याला रकाना नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत जातं. त्यातही कुत्र्याला कुत्रं चावल्याच्या केसेस म्हणजे विचारू नका.

*

चाव्याची जखम फसवी. वर सुळ्यांची दोन बारीक भोकं, आत सगळा पू. दर्यापूरच्या एक शिक्षिका मानेला चावा बसलेली राणी नावाची पांढरी कुत्री घेऊन आल्या. चार दिवस नुसती हळद लावलेली. अंगात ताप, मान सुजलेली. मी केस भादरायला मशीन घेतलं तर म्हणाल्या, "डॉक्टर, समोरचे थोडे ठेवा ना. रविवारी पाहुणे येऊन राहिले."

माझ्याकडे पट्टी करणारे सलीमभाई शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाहुणे पोरीले पाहाले येऊन राहिले का हिले?"

"पोरीलेच. पण पुढं पुढं हीच करते."

राणी वाचली. लग्नही जमलं.

*

एका वकीलसाहेबांच्या चावा बसलेल्या कुत्र्याला अँटिबायोटिक दिलं होतं. चौथ्या दिवशी जखम तशीच, वर वास.

"गोळ्या देता ना?"

"रोज दोन टाइम. मी सोता पेढ्यात घालून देतो."

सोबत आलेल्या वहिनींनी पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत सहा गोळ्या. "पेढा खाते, गोळी सोफ्याखाली टाकते."

वकीलसाहेब चिडले. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमीच म्हणता ना, पुरावा हाती आल्याशिवाय बोलू नये."

*

जखम चाटू देऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो. नांदगाव खंडेश्वरचे एक काका मानायला तयार नव्हते; त्यांचं कुत्रं आठ दिवस जखम चाटत होतं. "कुत्र्याच्या जिभेत औषध असते, डॉक्टर."

सलीमभाई पू पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग काका, यानं तर आठ दिवस औषधच घेतलं."

*

बबनराव निवृत्त कंडक्टर, दिगंबरराव निवृत्त पोस्टमास्तर. शेजारी शेजारी घरं, पण सामायिक नालीवरून बोलणं बंद, तेही वर्षानुवर्षं. त्यात बबनरावांच्या शेरूनं दिगंबररावांच्या मोतीची मांडी फाडली. तीन दिवसांनी मोतीला आणलं तेव्हा पाय जातो की काय असं मला वाटलं. जखमेतला पू पाहून दिगंबररावच बाकावर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी बबनराव हजर. शेरूच्या रेबीजच्या लशीचं कार्ड माझ्यापुढं ठेवलं आणि सलीमभाईंना म्हणाले, "त्याइले सांगा, बाहेर बसा. चावलं आमच्यानं, धरतो मी."

मग रोज तेच. बबनराव आत मोतीचं डोकं मांडीवर घेऊन बसत, दिगंबरराव दाराकडं पाठ करून बाहेर. निरोप सलीमभाईंमार्फत.

"त्याइले विचारा, रात्री जेवला का हा?"

"सांगा, अर्धी पोळी खाल्ली."

पुढं पुढं सलीमभाई कंटाळले आणि निरोप पोचवणं सोडलं. तरी उत्तरं येतच राहिली.

अठराव्या दिवशी जखम भरली. मी म्हटलं, "झालं. आता उद्यापासून यायची गरज नाही."

मोती उठून उड्या मारत दारात गेला. दोघं तिथंच उभे.

मग दिगंबरराव म्हणाले, "डॉक्टर, अजून दोन-चार दिवस पट्टी केली तर काही बिघडते काय?"