मावशीच्या खिडकीतलं ऊन

ऑफिसात तिला सगळे सूर्यबाई म्हणायचे. चेष्टेतच, पण त्यात खोटं काही नव्हतं. अजून बांधून न झालेल्या घरांची तिथे कॉम्प्युटरवर चित्रं व्हायची. भिंती, सोफे दुसरे कुणी मांडत. त्यांत उजेड घालायचं काम हिचं. सावली खुर्चीच्या पायापाशी धारदार असते आणि लांब जाताना कशी विरत जाते, लाकडी जमिनीवरचं ऊन पांढऱ्या भिंतीवर कशी तांबूस झाक चढवतं, हे ती घरी भांडी घासतानाही निरखत राहायची.

एका नव्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं चित्र तिचंच. आधी तिने शेजारची सात मजली इमारतही त्यात उभी केली होती. खोली अंधारली. साहेब खुर्ची ओढून बाजूला बसले.

"ही भिंत कशाला मध्ये?"

"ती तिथे आहे, साहेब."

"आपण आतलं दाखवतोय. काढ."

तिने काढली. क्षणात सकाळचं ऊन खिडकीतून थेट आत आलं. चित्र इतकं झकास जमलं की तिची तीच खूश झाली.

महिन्याभराने मावशी तेच चित्र छापलेला कागद घेऊन दारात हजर. आई गेल्यावर हिला मावशीनेच वाढवलं होतं, शिवणकाम करून. आता मावशीची नजर अधू होत चालली होती, दिव्याखाली टाके दिसत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचं घर घेणार होती.

"इथे मशीन ठेवीन, खिडकीला लागून," मावशी म्हणाली. "तुला यातलं कळतं. हे ऊन खरं आहे ना गं?"

मावशीचा चेहरा नुसता फुलला होता. चित्र आपण केलंय, एवढंही हिच्या तोंडून फुटेना.

"हो," ती म्हणाली.

घर बांधून झालं. मावशी राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी ही तिच्याकडे गेली. सकाळचे अकरा वाजले होते आणि खोलीत ट्यूबलाइट जळत होती. खिडकीबाहेर राखाडी भिंत. मावशी मशीनवर वाकून, डोळे बारीक करून शिवत होती.

"सध्या दिवस लहान आहेत," मावशीच तिला समजावू लागली. "येईल पुढे ऊन."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने जुनी फाइल उघडली, इमारत परत जागेवर ठेवली आणि वर्षभराचा सूर्य त्यावरून फिरवून पाहिला. एकाही दिवशी त्या खिडकीत पाव तासही ऊन पडत नव्हतं. आठवडाभर तिने कसाबसा काढला, मग उठून मावशीकडे गेली.

"मावशी, ऊन येणार नाही. कधीच. ते चित्र मी केलं होतं. मधली इमारत मीच काढून टाकली."

मशीन थांबलं.

"साहेबांनी सांगितलं असेल."

"हो. पण तू मला विचारलंस तेव्हा साहेब तिथे नव्हते."

मावशीने हातातलं कापड खाली ठेवलं. "नोकरीपायी काढलीस, ते समजू शकते मी. पण मला हो का म्हणालीस?"

मावशीने पुन्हा मशीनकडे तोंड वळवलं.

"आज जा तू."

दोन महिने मावशीने फोन उचलला नाही. इकडे हिने साहेबांना सांगून टाकलं की यापुढे आजूबाजूच्या इमारती चित्रातून मी काढून टाकणार नाही. साहेबांनी तिला घरांवरून उचलून कपाटं-टेबलांच्या चित्रांवर टाकलं. ती मुकाट्याने गेली.

मावशीच्या इमारतीत सगळ्यात वरच्या जिन्यापाशी पश्चिमेला मोठी खिडकी होती. दुपारनंतर तिथे भरपूर ऊन यायचं. हिने दारोदार फिरून तिथे मशीन ठेवायला सगळ्या बिऱ्हाडांची परवानगी मिळवली आणि मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"बसेन तिथे," मावशी म्हणाली. "पण माफ केलं असं समजू नकोस."

मावशी आता रोज दुपारी वर बसून शिवते. बोलणंही सुरू झालंय. फक्त हिने साधं काही सांगितलं, अगदी बस उशिरा आली एवढं जरी, तरी मावशी क्षणभर थांबून तिच्या तोंडाकडे बघते. ते बघणं ती मान खाली घालून सोसते.