मेव्हण्यांचं ‘व्हय’

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा माझे थोरले मेव्हणे तिथे असते, तर पहिल्याच पाहणीत त्यांनी ती दुरुस्तीला परत पाठवली असती. उभा जन्म त्यांनी विजेचे ट्रान्सफॉर्मर तपासण्यात घालवला, आणि संशय निवृत्त व्हायला तयारच नव्हता. बाजारात शहाळंवाल्याने “गोड आसा” म्हटलं की यांचं ठरलेलं, “कोणी सांगल्यान?” बहिणीसाठी मला बघायला आले तेव्हा माझ्याशी चार शब्द बोलण्याआधी त्यांनी आमच्या घरातल्या प्लगांत टेस्टर खुपसला. “अर्थिंग नाय तुमच्याकडे,” म्हणाले, आणि दोष माझ्यातच असल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. देवापुढच्या गाऱ्हाण्याला तर त्यांना न्यायची चोरी! सगळा गाव एका सुरात “व्हय महाराजा” म्हणत असताना हे तोंड मिटून उभे. का, तर “जा मी स्वतः बघूक नाय, तेका व्हय कसा म्हणू?”

विजयदुर्गाजवळ माझा बर्फाचा कारखाना आहे. एका वर्षी मासेमारी सुरू व्हायच्या तोंडावर आमचा ट्रान्सफॉर्मर जळला. नवा आला तेव्हा होड्या बर्फासाठी धक्क्यावर खोळंबलेल्या. बर्फ नाही तर होडी नाही, आणि एकदा दुसऱ्या बंदराची वाट धरलेलं गिऱ्हाईक परत येतं थोडंच! तपासायला मीच बोलावलेल्या मेव्हण्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या काचेच्या डबीतले खडे पाहिले. कोरडे असताना निळे असणारे ते खडे ओल धरून गुलाबी झाले होते. झालं! “सर, कंपनीत सगळ्या टेस्ट झाल्यात,” कंपनीचा माणूस काकुळतीला आला. “कंपनीतसून हंय येताना मधी घाट लागता. घाटानंतर कोणी बघितल्यान?” ओल आतल्या तेलात उतरली असेल तर स्फोट व्हायचा, म्हणून तेलाची चाचणी झाल्याशिवाय बटण दाबू देईनात. मी चिडलो, हात जोडले, बायकोकडून रडारड करवली. व्यर्थ! निम्म्या होड्या माझ्या डोळ्यांदेखत निघून गेल्या.

आणि तेल निघालं स्वच्छ! वाटेत डबीचं झाकण सैल झालं होतं, एवढंच. लोकांनी मेव्हण्यांची यथेच्छ टर उडवली. खडे बदलले, नारळ फुटला, गाऱ्हाणं झालं, मेव्हणे नेहमीप्रमाणे मुके. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना भिंतीआड पिटाळलं आणि स्वतः मात्र ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला खेटून उभे राहिले.

“अहो, तुम्हीच पास केलात ना? मग आता कसली भीती?” मी ओरडलो.

“व्हय, मीच केलंय. पण माका खंय कोणी तपासल्यान हा? माझी चुकी झाली आसात तर ती माझ्याच पुढ्यात होवंदे, भावोजी.”

माझा राग कुठल्या कुठे पळाला. बटण दाबलं, ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला. बराच वेळ कान देऊन ऐकल्यावर ते हळूच, एकटेच म्हणाले, “व्हय महाराजा.”

गेल्या उन्हाळ्यात मेव्हणे गेले. यंदा हंगामाच्या गाऱ्हाण्याला सगळे “व्हय महाराजा” म्हणाले आणि माझं तोंड काही उघडेना. त्यांची फार आठवण आली. मी तसाच उठून कुंपणापाशी गेलो, वाकून डबीत पाहिलं. खडे निळे होते. मग म्हटलं, एकट्यानेच.