शो न देणारी कादंबरी

चातुर्मासात वांगं सोडणारी माणसं मी खूप पाहिली. कांदा-लसूण सोडणारी तर घरोघरी होती. पत्ते सोडणारा मात्र जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरांत मी एकटाच निघालो, आणि तेही देवाच्या धाकानं नाही, बायकोच्या. आषाढी एकादशीला साबुदाणा वाढता वाढता तिनं सांगितलं की हे चार महिने तुम्ही पत्ते सोडा, नाहीतर मी साकोलीला भावाकडे जाते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. म्हणूनच मी घाबरलो.

आमचा खेळ पोकरचा. कलकत्त्याकडून बदली होऊन आलेल्या एका स्टोअरकीपरनं तो शिकवला आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत हरत राहिला. फॅक्टरी सुटली की एका बिनलग्नाच्या फिटरच्या क्वार्टरमध्ये आम्ही बसत असू. तिथं माझा दरारा होता. हातात काही नसलं की फिटर पाणी मागायचा, स्टोअरकीपर चष्मा पुसायचा. असल्या माणसांना हरवण्यात काही मर्दुमकी नव्हती, पण रोज हरवायला तीच होती. घरी परतायला उशीर व्हायचा, कडी वाजवली की बायको उठून दार उघडायची. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता रिकाम्या संध्याकाळी करायचं काय? बायकोनं एक कादंबरी पुढ्यात टाकली. भंडाऱ्याला बसस्टँडजवळ भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं, तिथून ती आणायची. त्या दुकानाचा मालक गिऱ्हाइकाकडे असा बघायचा, जणू पुस्तकाला हात लावायची आपली लायकी नाही. पण चार महिने भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी वाचायला लागलो.

काय ती माणसं! नायक खिडकीशी उभा राहतो. सिगारेट पेटवतो. तीन पानांनी ती विझते. तेवढ्यात त्याला आपलं आयुष्य पोकळ असल्याचं कळतं. अरे, मग कामावर जा ना! या कादंबऱ्यांत कोणी ड्यूटीवर जात नाही, कोणाची बस चुकत नाही, कोणाला धड भूक लागत नाही. उदास व्हायला मात्र सगळ्यांना भरपूर सवड. आणि लेखक पानापानावर थाप मारतो, हातात दुर्रीसुद्धा नसताना राजा असल्याचा आव आणतो. मी त्याला पहिल्या वीस पानांतच ओळखायचो. ओळखायचो म्हणूनच पुढं वाचायचो, हे मी बायकोला सांगितलं नाही.

माझ्याशिवाय बैठक फिकी पडली, तशी मंडळी रविवारी दुपारी माझ्याच घरी येऊ लागली. पत्त्यांना तर मी शिवणार नव्हतो. मग मी वाचलेलं सांगायचो आणि ती पुढं काय होणार यावर पैजा लावायची, आलुबोंड्यांच्या. आमच्यातल्या एका टर्नरच्या वस्तीत बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन चालायचं, त्यामुळे त्याला मन लावून ऐकायची सवय होती. तोच बहुतेक जिंकायचा. फिटर दर वेळी हरायचा, कारण चांगल्या माणसाचं चांगलंच होणार, यावर त्याचा विश्वास होता.

दिवाळीच्या तोंडावर बायकोनं आणलेली कादंबरी एका कारकुनाची होती. हा गृहस्थ गावभर भटकतो, मित्रांत रमतो, वर्षंच्या वर्षं घरी फक्त झोपायला येतो. शेवटच्या पानावर तो दाराशी उभा राहून कडी वाजवतो. आत बायको आहे. कादंबरी संपली.

कारकुनाची बायको दार उघडते की नाही, यावर तर सगळ्यांच्या पैजा लागलेल्या. दोघंच उरले की शो द्यायचा, पत्ते उघडे टाकायचे, हा आमच्या टेबलाचा कायदा. लेखकानं शो दिलाच नव्हता. फिटरला वाटलं, शेवटची पानं फाटली आहेत. तो खरोखर बसनं भंडाऱ्याला गेला आणि उरलेली पानं द्या म्हणून दुकानदाराशी भांडून आला. दुकानदार त्याला म्हणाला, साहित्य असंच असतं. फिटरनं त्यावर जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही, पण माझं मत त्याच्याहून वेगळं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे पत्त्यांचा जोड घेऊनच आले. दिवाळीला पत्ते न खेळणारा माणूस आमच्यात आजारी समजला जाई. आधी पैज मिटवू, मग वाटू, असं ठरलं. बायकोनंही ती कादंबरी वाचलेली. ती फराळाच्या बशा ठेवत होती, तेव्हा टर्नरनं तिलाच विचारलं, "वहिनी, तुमीच सांगा. उघडते का नाही?"

"नाही उघडत," ती म्हणाली. "जागीच हाय ती. रोज उघडू उघडू कंटाळली."

फिटरनं पाणी मागितलं. टर्नरनं जोड खिशात घातला आणि चिवडा छान झाल्याचं सांगितलं. माणसं ओळखण्याची मला मोठी घमेंड होती. इतक्या वर्षांत तिचा चेहरा मी एकदाही खेळाडूसारखा वाचला नव्हता, आणि आता वाचायला गेलो तर काही उमटत नव्हतं. मला त्या लेखकाचा भयंकर राग आला.

तुळशीचं लग्न लागलं, नेम सुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिटरनं बाहेरून सायकलची घंटी वाजवली. बायको तांदूळ निवडत बसली होती.

"जा न," ती म्हणाली. "आता काहून थांबून राहिले?"

मी तिच्याकडे निरखून पाहिलं. ही थाप आहे की हातात खरंच पत्ते आहेत? इतका कोरा चेहरा आमच्या टेबलावर कधी बसला नव्हता. चप्पल घातली, दारापर्यंत गेलो, फिटरला सांगितलं की आज जमत नाही. तो हसला आणि गेला. मी आत आलो, दार लोटलं, कडी घातली.

"नीट लावा," सुपातली नजर वर न करता ती म्हणाली. "हवेनं उघडते ते."