घड्याळजींची मागची सीट

आमच्या शेजारच्या घड्याळजींची बायको बेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकली आणि त्या दिवसापासून घड्याळजींच्या पोटात दुखायला लागलं.

बाई नर्स. दवाखान्यातून घरी सोडलेल्या पेशंटांकडे जाऊन ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची, हे त्यांचं काम. दिवसाला आठ-नऊ घरं. बस बदलून बदलून जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून दवाखान्यानं त्यांना एक जुनी मोटरसायकल दिली. शिकवायला होते काका, म्हणजे रुग्णवाहिकेवरचे निवृत्त ड्रायव्हर. दोन-अडीच महिन्यांत नर्सबाई पक्का परवाना घेऊन आल्या.

घड्याळजींची मजल उभ्या आयुष्यात सायकलच्या पुढे गेली नव्हती. आता रोज सकाळी ते बायकोच्या मागे बसून आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात यायचे. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हवेत धरून विचारायचा, "काय घड्याळजी, आज मालकीणबाईंनी जागा दिली वाटतं?" घड्याळजी हसायचे, पण अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात घरी काकांचं पुराण. काका म्हणतात, वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचंच. काका म्हणतात, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. जेवताना काका, कपडे वाळत घालताना काका. एकदा घड्याळजी न राहवून म्हणाले, "वीस वर्षांत माझं एक वाक्य असं पाठ केलं नाहीस."

"पाठ करण्यासारखं काही बोललात तर करीन की!"

बाई गमतीनं बोलल्या होत्या. यांना ते झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानाशेजारच्या गॅरेजवाल्याला गाठलं. शिकाऊ परवाना काढला आणि रोज दुपारी दुकान बंद करून गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली, बायकोपासून चोरून. गॅरेजची गाडी म्हणजे खटारा. तिला आरसेसुद्धा नव्हते. "आरसे कशाला?" गॅरेजवाला म्हणाला. "मागच्याची काळजी मागचा घेईल. तुम्ही पुढे बघा आणि मूठ पिळा." घड्याळजींना हे फार पटलं. काकांच्या बरोबर उलटं आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पंधरा दिवसांत गिअर जमले, वळणं जमली. आता बायकोला दाखवायचं तेवढं राहिलं.

एका सकाळी ते म्हणाले, "तू हो पुढे, मी आज पायी जातो." गॅरेजची गाडी मागच्या गल्लीत आणून ठेवलेलीच होती. हेल्मेटही होतं, पण कोपरात अडकवलेलं. डोक्यात घातलं तर बायको ओळखणार कशी?

पाण्याच्या टाकीजवळ त्यांनी बाईंना गाठलं, भर्रकन ओलांडून पुढे गेले आणि मान वळवून हसले. बाईंचे डोळे विस्फारले. "खोटं कशाला बोलू," घड्याळजी सांगतात, "तेवढा एक क्षण मी राजा होतो."

मग तिनं डोळे भरून बघावं म्हणून राजांनी वेग कमी केला. बाईंनी इंडिकेटर दिला, हॉर्न वाजवला आणि बाजूनं पुढे जायला निघाल्या. नेमका त्याच वेळी घड्याळजींच्या समोर उभ्या टेम्पोचा दरवाजा उघडला. त्याला चुकवायला त्यांनी गाडी झटकन बाहेर घेतली. मागे बघितलंच नाही. त्यांना वाचवायला बाईंनी करकचून ब्रेक दाबला, वाळूवर चाक घसरलं आणि त्या गाडीसकट आडव्या झाल्या. फुटपाथच्या कडेवर हेल्मेट आपटल्याचा आवाज घड्याळजींनी ऐकला.

हेल्मेटला वीतभर चीर गेली. आतलं डोकं शाबूत राहिलं. मनगट मात्र मोडलं.

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "पट्टा नीट बांधला होता म्हणून आज बोलताय, सिस्टर. शहाण्या आहात." खूप दिवसांनी घड्याळजींनी आमच्याजवळ कबूल केलं, की बायको समोर कण्हत असताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा: बघा, इथेही हिचंच कौतुक! मग दुसरा विचार आला: हेल्मेट नसतं तर हिला आपणच मारलं असतं. बाहेरच्या बाकावर बसून ते रडले.

घरी येताना टॅक्सीत बाईंनी एवढंच विचारलं, "मागे बघितलं होतंत?"

"आरसाच नव्हता गं."

"मान तर होती ना?"



डॉक्टरांनी बाईंना पाच महिने गाडीला हात लावायला मनाई केली. "मग मला कामावर सोडणार कोण?" बाई म्हणाल्या. "पक्का परवाना काढा. पण शिकायचं ते काकांकडे."

ज्याच्या नावानं इतके दिवस बोटं मोडली, त्याच्याच दारात जायची वेळ आली. काकांनी पहिले दोन दिवस गाडी स्टँडवरून काढूच दिली नाही. घड्याळजी वर बसलेले आणि काका मधूनच विचारणार, "आत्ता मागून काय गेलं?"

"काही नाही."

"दुधाची गाडी गेली. आणि सायकलवर दोन पोरी."

तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस तो. भिंगात मावत नाही ते जगात नाही, अशी सवय पडलेली. "सिस्टरांना हे पहिल्याच दिवशी जमलं होतं," काका म्हणाले आणि घड्याळजींच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. पण या खेपेला त्या ईर्षेनंच काम केलं. ते हेल्मेट घालून, पट्टा बांधून, महिनाभर रोज काकांसमोर हजर झाले. चालताना, दुकानाचं शटर ओढताना, न्हाव्याशी बोलतानाही खांद्यावरून मागे बघू लागले. न्हाव्याला वाटलं, यांच्या मागे कुणीतरी लागलंय.

परवाना मिळाला, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करायचा राहून गेला. त्यानंतर पाच महिने पुरे होईपर्यंत ते बाईंना सोडत-आणत राहिले. मागच्या सीटसाठी स्वतंत्र हेल्मेट घेतलं आणि बाईंनी पट्टा बांधल्याचा खटका ऐकल्याशिवाय गिअर टाकला नाही.

मनगट बरं झालं. बाई पुन्हा स्वतःच्या गाडीवरून फिरू लागल्या. त्यांच्या दवाखान्यात नवी नर्स आली होती, तिलाही शिकायचं होतं. काका आता थकले होते. बाई तिला म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याकडे ये. माझ्यापेक्षा जास्त मागे बघतात."

घड्याळजींनी तिला जीव ओतून शिकवलं. ती पहिल्याच खेपेला पास झाली. ही बातमी सांगायला ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले, चहाला नाही म्हणाले.

"पहिल्याच खेपेला," ते म्हणाले. "परीक्षा हल्ली सोपी केली असेल, नाही का?"