आईच्या गावातली आग

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी तिला कॉम्प्युटरवरचा एक जुना गेम शिकवला. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून आधी तेच सांगते.

आई नगरला लागून असलेल्या भिंगारला राहते. वडील लष्कराच्या भांडारात सिव्हिलियन नोकरीला होते. ते गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटीच. इमारतीला लिफ्ट नाही. मी कोपरगावकडे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. ऑपरेशननंतर तीन आठवडे मी तिच्याजवळ राहिले, पण गळीत हंगाम तोंडावर होता आणि रजा संपली होती. एका हाताने भिंत धरून ती घरातल्या घरात चालायची. जिना उतरणं दूरच. दिवसभर ती करणार काय, या विचाराने मी माझा जुना लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

तो गेम मी कॉलेजच्या होस्टेलवर असताना खेळायचे. त्यात पुरातन रोमन काळातलं गाव वसवायचं असतं. आधी एक ओसाड माळ मिळतो. त्यावर रस्ते आखायचे, विहिरी खणायच्या, गहू पिकवून कोठारं भरायची. लोक येतात आणि आधी तंबू टाकतात. पाणी आलं, देऊळ झालं, बाजार भरला की त्याच तंबूंची पक्की घरं होतात.

पहिल्यांदा ते तंबू बघितले तेव्हा आई पुढे झुकून बराच वेळ बघत राहिली.

"ह्या तर कोप्याच हायेत की," ती म्हणाली.

तिचं माहेर पाथर्डीकडचं. लहानपणी ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायची. त्यामुळे ते गाव तिला परकं वाटलंच नाही. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी एका वहीत देवनागरीत शब्द लिहून दिले: वेल म्हणजे विहीर, रोड म्हणजे रस्ता, फायर म्हणजे आग. सातवीपर्यंत शिकलेली बाई आठवडाभरात मला न विचारता कालवे काढायला लागली.

एकाच गोष्टीला ती घाबरायची. त्या गेममध्ये घरांना आगी लागतात. आग दिसली की आई गोंधळायची, मिळेल ते बटण दाबायची आणि शेजारची चांगली घरं पाडून बसायची. मग हळहळायची. मी तिला पन्नासदा सांगितलं होतं, "आई, आग लागली की कशाला हात लावू नको. चौकीतले शिपाई बादल्या घेऊन आपोआप येतात. तू गप बसून राहा."

मी कोपरगावला परतल्यावर रोज सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "गहू संपला, मानसं चालली गाव सोडून." "देव कोपलाय गं, देऊळ कमी पडतंय व्हय?" "राजानं पुन्यांदा धान्य मागितलंय, न्हाई म्हनलं तर फौज धाडल का?" मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरायचे आणि हाताने काम करत उत्तरं द्यायचे. प्रयोगशाळेतले बाकीचे हसायचे. मलाही बरं वाटायचं. ऑपरेशनच्या आधी ती फोनवर नुसती रडायची.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. कारखाना पूर्ण जोरात होता. दर तासाला रसाचे नमुने येत होते आणि त्या दिवशी माझा जोडीदार रजेवर होता. अकरा वाजून गेले होते. फोन वाजला.

"आग लागलीया गं," आई म्हणाली.

"कुठं?"

"खाली. धूर लई झालाय."

"बरं."

"काय करू मी?"

"काही करू नको. कशाला हात लावू नको. एका जागी गप बस, आपोआप येतील विझवायला."

"हालू नको म्हनतीस?"

"हलू नको. मी नंतर करते फोन."

तिला खोकला आला. मग ती "बरं" म्हणाली आणि मी फोन ठेवला.

पुढचे तीन नमुने मी तपासले. आकडे रजिस्टरमध्ये लिहिले. नळाखाली फ्लास्क धूत होते तेव्हा, का कोण जाणे, तो खोकला परत ऐकू आल्यासारखा झाला. आईला सर्दी नव्हती. गेममधल्या धुराने कुणाला खोकला येत नाही.

हातातला फ्लास्क मी बेसिनमध्ये तसाच टाकला. घड्याळात बघितलं. वीस-बावीस मिनिटं झाली होती.

तिला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला, परत तेच. पाचव्यांदा लावला तेव्हा फोन बंद असल्याचं ऐकू आलं. स्टुलावर बसून मी फोनमधले नंबर बघायला लागले. तेव्हा लक्षात आलं, की त्या इमारतीतल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नाही. इतकी वर्षं जात होते, जिन्यात हसून बोलत होते, आणि एक नंबर घेतलेला नव्हता.

एकशे एक लावला. तो कोपरगावला लागला. तिथल्या माणसाने माझं ऐकून घेतलं आणि नगरचा नंबर दिला. कागद सापडेना, म्हणून मी तो हातावर लिहिला. नगरला लावला. मनात एकच होतं, की तिकडून त्यांनी म्हणावं, भिंगारमध्ये कुठे काही आग नाही, ताई.

मी पत्ता सांगायला लागले. अर्ध्यातच तो माणूस म्हणाला, "तिकडं गाडी गेलीय मघाशीच."

"माझी आई आहे तिथं. तिसऱ्या मजल्यावर. तिला चालता येत नाही."

"कळवतो त्यांना."

"कुणाला काही झालंय का?"

"ते अजून कळलं नाही, ताई."

नवऱ्याला फोन केला. त्याचं बाजारपेठेत पंपांच्या मोटारींचं दुकान आहे. तो गाडी घेऊन कारखान्याच्या गेटवर आला तेव्हा मी ॲप्रन घालूनच उभी होते. काय झालं ते मी सांगितलं, पण सगळं नाही. आईचा फोन आला होता आणि मी तिला काय म्हणाले, हे माझ्या तोंडून निघेना.

तो रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. त्या दिवशी तो संपत नव्हता. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर वाटेत होते, कुठे रस्ता उकरून ठेवला होता, शिर्डीत भाविकांच्या गाड्यांची रांग. मी दर पाच मिनिटांनी आईचा नंबर लावत होते आणि दर वेळी तो बंद. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं: दाराच्या फटीतून धूर आत येतोय आणि आई खुर्चीत हलत नाही. मी हलू नको म्हटलंय म्हणून.

राहुरीच्या अलीकडे मी नगरला परत फोन लावला. आता दुसरा कोणीतरी बोलला. "आग आटोक्यात आहे. एक जण भाजलाय. दवाखान्यात नेलाय."

"बाई की पुरुष?"

"ते इथं कळत नाही."

मी फोन मांडीवर ठेवला. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि मला पाणी दिलं. तो म्हणाला, "आधी घरी जाऊ. तिथं कळेल." मी मान हलवली. दवाखान्यात जायची माझी हिंमतच नव्हती.

भिंगारला पोचलो तेव्हा रस्त्यावर पाणी साचलं होतं आणि जळलेल्या रबराचा वास सगळीकडे भरला होता. आग जिन्याखालच्या विजेच्या मीटरांना लागली होती. शेजारी लावलेल्या दुचाकींनी पेट घेतला होता आणि जिना धुराड्यासारखा झाला होता. खालच्या भिंती पार काळ्या. इमारतीसमोर माणसं उभी होती. मी त्यांच्यात आईला शोधत होते आणि ती दिसत नव्हती. कुणाला विचारायलाही धजत नव्हते.

समोर किराणा दुकान आहे. तिथल्या बाईने मला ओळखलं आणि नुसतं आतल्या बाजूला बोट दाखवलं. दुकानाच्या आत, तेलाच्या डब्यांना टेकून, आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. डोक्याला ओला टॉवेल, नाकाशी काजळी. अग्निशमनवाल्यांनी तिला खुर्चीसकट उचलून खाली आणलं होतं.

मला बघून ती हसली. "तू म्हनलीस तशी बसून ऱ्हायले बघ," ती म्हणाली. "हालले न्हाई."

मी खाली बसले आणि तिच्या मांडीत डोकं घातलं. तिला वाटलं, मी आनंदाने रडतेय.

झालं असं होतं. फोन ठेवल्यावर आईने दार लावून घेतलं, बादली भरली, ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि खुर्ची ओढत गॅलरीत जाऊन बसली. फोन स्वयंपाकघरात राहिला. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी धावत वर आला. चाळिशीचा माणूस. त्याने दार बडवलं. "काकू, चला. मी उचलून नेतो तुम्हाला."

आईने आतून सांगितलं, "माझी लेक म्हनलीया, हालू नको. तुमी बी नका जाऊ खाली."

तो मिनिटभर थांबला, परत बोलावलं, आणि मग एकटा उतरला. पहिल्या मजल्याच्या वळणावर आगीने त्याला गाठलं. भाजला होता तो हाच. दोन्ही हात आणि गळ्याची एक बाजू.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बघायला गेले. हातांना बँडेज होतं. त्याची बायको म्हणाली, "काकूंनी ऐकलं असतं तर दोघंही गेली असती. तुम्ही बरोबर सांगितलंत त्यांना." तो वर गेलाच नसता तर वेळेत बाहेर पडला असता का, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तो प्रश्न आजही माझ्याबरोबर आहे.

आईला मी कोपरगावला आणलं. सगळे नातेवाईक माझं कौतुक करत होते: लेक शंभर किलोमीटरवर, पण डोकं कसं शांत ठेवलं. आई प्रत्येकाला सांगायची, "हिनंच वाचिवलं मला." ते ऐकलं की मी उठून आत जायचे. त्या गेममध्ये मी कधी कधी तिला असंही सांगितलं होतं, की सोड ते घर, माणसं दुसरीकडे जाऊ दे. त्या दिवशी तसं म्हणाले असते तर? तिने तेही ऐकलं असतं. भिंत धरून, एकेक पायरी उतरत, ती त्या धुरात गेली असती.

महिनाभर मी गप्प राहिले. मग एका दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं.

"आई, त्या दिवशी मला वाटलं तू गेममधलं सांगतीयेस."

तिचा हात थांबला. "म्हंजी? तुला ठावंच नव्हतं?"

"नाही."

"मंग बंब कुनी बोलावला?"

"माहीत नाही. खालच्या कुणीतरी."

"मी तर निवांत बसले हुते," ती हळू म्हणाली. "म्हनलं, लेकीला ठावं हाय, तिनं सांगितलं असंल कुनाला तरी. येतीलच आता. तवा भ्या वाटलंच न्हाई मला."

थोड्या वेळाने तिने ताटली बाजूला सारली. "आता वाटाया लागलं," ती म्हणाली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी ती चार वेळा उठून गॅसचं बटण बघून आली. धूर भरलेल्या घरात ती शांत बसली होती आणि माझ्या सुरक्षित घरात, मी खरं बोलल्यामुळे, तिला भीतीने धरलं. सांगायला नको होतं, असं मला वाटलं. न सांगताही राहवलं नसतं.

हंगाम संपला, ऊन तापायला लागलं, आणि आई म्हणाली, आता मला माझ्या घरी सोड. मी नाही म्हणून बघितलं. ती ऐकेना. इमारतीत मीटर आता बाहेरच्या भिंतीवर घेतले होते आणि जिन्याला नवा चुना दिला होता. शेजारी घरी आला होता. हातांची कातडी गुलाबी, ताणलेली होती, पण त्याने आईची पिशवी उचलून वर नेली. आईने त्याचे हात आपल्या हातात घेऊन बघितले. मी त्याचा, त्याच्या बायकोचा आणि किराणावालीचा नंबर फोनमध्ये घातला.

निघायच्या आधी आई म्हणाली, "चल, मला जिना उतराया शिकीव."

तिने काठी घेतली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. एक पायरी, मग थांबायचं. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती जरा जास्त थांबली आणि भिंतीला हात लावून बघितला. चुन्याखाली काळं दिसत होतं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. रस्त्यावर पोचलो तेव्हा दोघींनाही दम लागला होता. मी घड्याळ बघितलं. बराच वेळ लागला होता, आग असती तर पुरला नसता इतका. मी तिला आकडा सांगितला नाही.

"पुन्यांदा," आई म्हणाली, आणि वळून पहिल्या पायरीवर काठी टेकवली.