चार अंशांवर थांबलेला आकडा

माझे धाकटे दीर, वीरेशभाऊजी, उदगीरच्या एका डेअरीचं कॉम्प्युटरचं काम बघतात. डेअरीच्या थंड खोलीत जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची लस असते. तिथलं तापमान बघणारा प्रोग्राम भाऊजींनीच लिहिलेला. तापमान वाढलं की तो भोंग्याचा दुसरा, छोटा प्रोग्राम सुरू करायचा. "अडकलं की बंद करून परत चालू करायचं," एवढंच त्यांनी राखणदार शरणप्पाकाकांना शिकवलेलं.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, इकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या सकाळी लाइट जाऊन आली, भोंगा वाजला. काकांनी आवाज बंद केला, पडदा अडकलेला दिसला म्हणून शिकवल्याप्रमाणे प्रोग्राम बंद करून चालू केला. पडद्यावर हवे तेवढे चार अंश दिसले, तसे ते शेताकडे निघाले.

आम्हीही शेतात कडब्याच्या कोपीजवळ, त्या खोपटापाशी, मिसळीच्या भाजीची भज्जी खात होतो. भाऊजी तासातासाला मोबाइल दाखवायचे.

"बघा वहिनी, चार. हलतच न्हाई."

"मग बघता कशाला? आंबील प्या."

संध्याकाळी खोली उघडली तर आतली हवा बाहेरच्यासारखीच. दुपारी लाइट पुन्हा गेली, कॉम्प्युटर बॅटरीवर चालत राहिला, पण लाइट आल्यावरही थंडाव्याचं यंत्र बंदच राहिलं होतं. सगळी लस फेकावी लागली. त्याच आठवड्यात चेअरमननी काकांना काढलं.

भाऊजी तीन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून होते. मग मला सांगितलं. मोठा प्रोग्राम छोट्याला सुरू करतो तेव्हा स्वतःच्या हातातलं सगळं त्याला देतो. काय द्यायचं नाही, ते आधी लिहून ठेवावं लागतं. ते त्यांनी लिहिलं नव्हतं. काकांनी मोठा बंद केला, पण भोंग्याचा छोटा मागे चालूच राहिला, थर्मामीटरची वायर धरून. नव्याने सुरू झालेल्याला वायर मिळेना, म्हणून तो लाइट जाण्याआधी साठवलेला जुनाच आकडा दाखवत बसला.

"चेअरमनना सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाले, प्रोग्राम नीट कर. माणूस परत घेतला तर आपलंच हसं होईल."

आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी बरोबर केलतं?"

"हाव काका. मीच तसं शिकवलेलं."

त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं, चहाचे कप पुढे ठेवले. "दुरुस्त झालं का मग, वीरेशप्पा?"

"झालं. एक ओळ लिहायची राहिली होती."

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

नीलम्मा कप उचलून आत गेल्या. माझा अजून अर्धा भरलेला होता.